ग्रामसभेत पोलिसांना विचारलेल्या प्रश्नाचं पुढे काय होतं?

कुळागर

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. ऑक्टोबरची ग्रामसभा नुकतीच झाली आणि तेव्हापासून एक विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

यंदा पावसात आमच्या वाड्यावरची बंद घरं फुटली. घरवाले मुंबईला असतात, चतुर्थीला आणि शिगम्याला येतात. गेलं काय, तर देवघरातल्या समया, न्हाणीतलं तांब्याचं भाण, विहिरीवरचा पंप. सोनंनाणं नव्हतं, त्यामुळे पेपरात बातमीही आली नाही. पण मागे वाड्यावर राहतं कोण? सत्तरी ओलांडलेल्या बायका, घरात एकेकट्या. त्यांनी रात्री खिडकी उघडी ठेवणं सोडलं आहे. त्यात देवळाकडून मुख्य रस्त्याला लागणाऱ्या वाटेवर दिवे नाहीत.

ग्रामसभेला पोलीस अधिकारी आले होते, त्याचं खरंच बरं वाटलं. भाडेकरूंचे फॉर्म भरा, ओटीपी कोणाला सांगू नका, अडचण आली तर ११२ ला फोन करा, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. मग आमच्या वाड्यावरच्या एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, रातचो आमच्या वाड्यार तुमचो कोण येता रे?" अधिकारी म्हणाले, गस्त वाढवतो. टाळ्या झाल्या आणि सभा कचऱ्याच्या विषयाकडे वळली.

नंतर पंचायतीत जाऊन मी इतिवृत्त पाहिलं. त्यात "पोलीस अधिकाऱ्यांनी ग्रामस्थांना मार्गदर्शन केले" एवढी एक ओळ आहे. आजींचा प्रश्न नाही आणि गस्तीचा शब्दही नाही. आता जानेवारीत मी उभी राहून विचारणार तरी कशाच्या आधारावर?

पोलिसांनी ग्रामसभेला यावं एवढ्यावर आपण समाधान मानतो, ते मला पटत नाही. विचारलेला प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहिला गेला पाहिजे आणि पुढच्या सभेत त्याचं उत्तर पहिलं आलं पाहिजे. तुमच्याकडे हे कसं चालतं?

दूधसागर_वाट

आमच्याकडे पोलीस ग्रामसभेला येतच नाहीत. बाहेर जीप उभी असते, ती भांडण झालं तर म्हणून. तुमच्याकडे माणूस आला आणि बोलला हेच पुष्कळ म्हणायचं.

माजी_पंच

एक टर्म पंच होतो, त्यामुळे पंचायतीच्या बाजूने थोडं सांगतो.

गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी नियमित ग्रामसभा घ्यायच्या असतात. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत तीन महिने जातात. प्रश्न विसरायला तेवढे पुरतात. कुळागरताई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, पण सभेत तोंडी विचारलं की सचिवांनी ते लिहिलं पाहिजे, ही अपेक्षा प्रत्यक्षात पुरी होत नाही. सभेत चार माणसं एकदम बोलत असतात. सचिव लिहिणार ते सरपंच शेवटी जे सांगतील तेच.

म्हणून प्रश्न सभेच्या आधी लेखी द्या. कार्यालयात अर्ज द्यायचा, आवक क्रमांक घ्यायचा, पोच घ्यायची. मग तो सभेपुढे ठेवावा लागतो आणि इतिवृत्तात त्याचा उल्लेख टाळणं अवघड होतं. मराठीत लिहा, मराठीत अर्ज द्यायला काहीच आडकाठी नाही. इतिवृत्ताची प्रत देत नसतील तर माहिती हक्क कायद्याचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, पोलीस पंचायतीच्या हाताखाली नाहीत. पंचायत त्यांना हुकूम देऊ शकत नाही, ठराव करून पाठवू शकते. ठराव गेला की ठाण्यात त्याचीही आवक नोंद होते. "गस्त वाढवावी" असा मोघम ठराव मात्र करू नका. मोघम ठरावाला उत्तरही मोघमच येतं. दिव्यांचं तर पोलिसांना विचारूच नका, त्यासाठी खांबांचे नंबर लिहून वीज खात्याला वेगळं पत्र द्यायला सांगा. एका अर्जात सगळं कोंबलं की कुठलंच खातं ते आपलं मानत नाही.

म्हापशेंकार

तुम्हा गावच्या लोकांना निदान ग्रामसभा आहे. आम्ही पालिकेत राहतो, आम्ही कुठे उभं राहून विचारायचं?

हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभा मिळाली. शहरांसाठीच्या ७४ व्या दुरुस्तीत प्रभाग समित्या आहेत, पण त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांना बंधनकारक. गोव्यात एवढं मोठं शहरच नाही. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेत माणसं होती ४० हजारांच्या आसपास. म्हणजे महापालिका असो की पालिका, आमच्यासाठी कायद्याने ठरवलेली अशी जागा नाही, जिथे नागरिक उठून विचारेल आणि कोणाला तरी ते लिहून घ्यावं लागेल. पालिकेच्या बैठकीत बोलतात नगरसेवक. आम्ही नगरसेवकाच्या घरी जायचं. तो ओळखीचा असेल तर काम होतं, नसेल तर त्याच्या ऑफिसबाहेर बसायचं.

आमच्या गल्लीत संध्याकाळी पोरं दुचाक्या घेऊन एका ठराविक कोपऱ्यावर जमतात. तिथे काय विकलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तक्रार द्यायची म्हणजे ठाण्यात जाऊन नाव-पत्ता द्यायचा आणि परत त्याच गल्लीत राहायचं. अशा गोष्टी सभेत दहा जणांनी मिळून बोलायच्या असतात, एकट्याने नव्हे. ती सभाच आम्हाला नाही.

कुळागर

@म्हापशेंकार, हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मग तुमच्याकडे रहिवाशांनी स्वतःहून वॉर्डाची बैठक बोलावली तर?

बीटबुक

गोवा पोलिसात नोकरी करून निवृत्त झालो. दोन्ही बाजूंचं सांगायचा प्रयत्न करतो.

प्रत्येक ठाण्याच्या हद्दीचे बीट, म्हणजे गस्तीचे छोटे भाग, पाडलेले असतात. बीटवरच्या माणसाला आपल्या भागातली बंद घरं, एकटे राहणारे म्हातारे, भंगारवाले, नवे भाडेकरू हे सगळं माहीत असावं, अशी अपेक्षा. जुने हवालदार ते तोंडपाठ सांगत. अडचण कुठे येते? बीटवरचा माणूस बीटवर राहत नाही. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात जुन्या गोव्याचं फेस्त आणि लगेच नवीन वर्षाची गर्दी, मग कार्निव्हल, शिगमो, मधे निवडणूक, मंत्र्यांचे दौरे. प्रत्येक बंदोबस्ताला माणसं ठाण्यातूनच निघतात. किनाऱ्याला गर्दी वाढली की आतल्या तालुक्यातली गस्त पातळ होते. आणि माणूस गावात जरा रुळला की बदली.

म्हणून "गस्त वाढवतो" हे आश्वासन मनापासून दिलेलं असलं तरी पाळणं त्या अधिकाऱ्याच्या एकट्याच्या हातात नसतं. ताई, तुम्ही वेगळं मागा. बीटवर सध्या कोण आहे त्याचं नाव मागा, बदली झाली की पंचायतीला कळवा म्हणा आणि महिन्यातून एक ठराविक वेळ तो पंचायत घरात बसेल असं मागा. गस्त मोजता येत नाही. माणूस आला की नाही हे मात्र सगळ्या गावाला दिसतं.

केरळने २००८ साली जनमैत्री सुरक्षा प्रकल्प सुरू केला, त्याचा कणा हाच आहे. बीट अधिकारी घरोघर जातो, लोकांना तो नावाने माहीत असतो, आणि ठाण्याच्या हद्दीत नागरिकांची समिती त्याच्याबरोबर बसते. आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर भिवंडी बघा. १९८४ च्या भयानक दंगलीनंतर तिथे उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजाची साधी माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसायचे, पाण्याच्या नळापासूनचे विषय बोलायचे. ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला कमिटी चळवळ उभी करणाऱ्यांत मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलियो रिबेरो होते, ते तर मुळचे आपल्या गोव्याचे.

तिथे माणसं भांडण नसतानाही भेटत होती, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे गाव आणि ठाणं यांची गाठ पडते ती चोरी झाल्यावर नाहीतर मारामारी झाल्यावर. तेव्हा दोघेही रागात असतात.

दूधसागर_वाट

हे सगळं ठीक आहे, पण मुळाशी कोणी जात नाही. आमच्या गावात दहा वर्षांपूर्वी दार उघडं टाकून लोक शेतात जात. आता कोण कुठून येऊन कोणाच्या खोलीत राहतो पत्ता नसतो. भाडेकरूंची तपासणी कडक झाली पाहिजे, बाकीचं नंतर.

खोली_नंबर_४

वरचं वाचून राहवलं नाही. मी खानापूर तालुक्यातला, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. बायको-मुलांसह भाड्याच्या खोलीत राहतो. मुलं इथल्याच शाळेत मराठीत शिकतात.

माझी पडताळणी झालेली आहे. आधार कार्ड, फोटो, गावचा पत्ता, सगळं ठाण्यात आहे. त्याला माझी हरकत नाही. हरकत एवढीच की गावाला माझ्याबद्दल सगळं कळलं पाहिजे आणि मी मात्र गावाला काही विचारू शकत नाही. ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचं नाव त्या पंचायतीच्या मतदार यादीत आहे. माझं नाव खानापूरला. आमच्या चाळीतल्या खोल्यांतून मोबाईल आणि सिलिंडर चोरीला जातात, ते कोणत्या सभेत मांडायचं? तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न "घरमालक कोण?" मालकाला ठाण्यात जायचं नसतं, कारण वाढीव खोल्यांची घरपट्टी लावलेली नाही. तो म्हणतो, गप्प बस, नाहीतर खोली खाली कर.

तुम्ही म्हणता फॉर्म भरले जात नाहीत. ते भाडेकरूमुळे अडतात असं नाही, बहुतेक वेळा मालकामुळे अडतात. भाडेकरूला तर उलट आपलं नाव कुठेतरी नोंदलेलं हवं असतं.

दूधसागर_वाट

दादा, तुमच्यावर रोख नव्हता. पण नोंद नसलेल्या माणसांचा प्रश्न आहेच ना?

माजी_पंच

प्रश्न आहे, आणि त्यांनी त्याचं खरं कारण सांगितलं आहे. पंच असताना मी हे रोज पाहत होतो. घरपट्टी न लावलेल्या खोल्यांचा मालक गावचाच असतो, मतदार असतो, कधी कधी पंचाचा नातेवाईक असतो. त्याला दुखवायचं नसतं, म्हणून ग्रामसभेत सगळे भाडेकरूंवर बोलतात. ग्रामसभेला मतदार नसलेल्याने ठरावावर मत देता येत नाही हे खरं, पण त्याचा लेखी अर्ज पंचायत घेऊ शकते आणि वाचूनही दाखवू शकते. खोली_नंबर_४, तुम्ही अर्ज द्या. चाळीतल्या आणखी लोकांच्या सह्या घ्या.

पेडण्याचो_नाटकी

चोऱ्यांवरून थोडं बाजूला जातो, पण विषय तोच.

आमच्याकडे जत्रा, कालो, दशावतार, हौशी मराठी नाटक ही गावची नाडी आहे. माझे आजोबा राजपार्ट करायचे. पूर्वी पहाटेपर्यंत चालायचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्याप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, आणि देवळाच्या मांडावरचा, म्हणजे खेळ होतात त्या मोकळ्या जागेवरचा, साधा कर्णासुद्धा ती ओलांडतो.

काही वर्षांपूर्वी मांडाजवळच्याच एका घरातून फोन गेला. घरात आजारी माणूस होता. पोलीस आले, दुसऱ्या अंकात माईक बंद केला. गावाने ते घर वाळीत टाकल्यासारखं केलं आणि पोलिसांवर राग धरला तो वेगळाच. वर सगळ्यांचं एकच म्हणणं, किनाऱ्यावर पहाटेपर्यंत पार्ट्या चालतात, त्या दिसत नाहीत आणि आमचं नाटक दिसतं. हा राग खोटा नाही. किनाऱ्यावर जो नियम कागदावर राहतो तो मांडावर तेवढा कडक लागला, की लोकांचा नियमावरचाच विश्वास उडतो.

मार्ग निघाला तो ग्रामसभेतून. देवस्थान समिती, पंच, पोलीस निरीक्षक आणि त्या घरची सून, असे सगळे हंगामाआधी एकत्र बसले. सगळ्या कार्यक्रमांच्या तारखा एका कागदावर आल्या. कुठल्या रात्रीसाठी मध्यरात्रीपर्यंतची परवानगी मागायची ते ठरलं, बाकीच्या दिवशी नाटक संध्याकाळी लवकर उभं करून दहाच्या आत पडदा. कर्ण्यांची तोंडं घरांकडून मांडाकडे वळवली. जुन्या मंडळींना वाईट वाटलं, मलाही वाटलं. सगळी रात्र बसून बघायची ती गंमत गेली. पण त्यानंतर कोणाला चोरून फोन करावा लागला नाही आणि ते घर परत मांडावर नारळ घेऊन आलं. कागद पंचायतीत आहे, दरवर्षी त्याच कागदावर नव्या तारखा चढतात.

वकिली_पेशा

चांगली चर्चा. दोन गोष्टी कायद्याच्या अंगाने.

ग्रामसभेत चोरीबद्दल बोलणं म्हणजे तक्रार देणं नव्हे. समया गेल्या तरी एफआयआर करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत सही करायची. मुंबईला असलेल्या घरमालकांना हे फार उपयोगी आहे, ते तिथूनही सुरुवात करू शकतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायची असते. हे ९० दिवस म्हणजे जवळपास दोन ग्रामसभांमधलं अंतर आहे, कुळागरताईंनी त्याचा आधार घ्यावा. पोलिसांच्या वागण्याबद्दलच गंभीर तक्रार असेल, तर पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंग खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर राज्याराज्यांत पोलीस तक्रार प्राधिकरणं आली, गोव्यातही आहे.

दुसरी गोष्ट काळजीची. चोऱ्या वाढल्या की गावात "आपणच पोरांची टोळी करून रात्री फिरूया" असा सूर निघतो. कृपा करून जपून. तमिळनाडूत १९९३ पासून 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' हे पोलिसांना मदत करणाऱ्या नागरिकांचं पथक होतं, कल्पना चांगलीच होती. २०२० मध्ये सातानकुलम इथे कोठडीत बापलेकाचा मृत्यू झाला, त्यात या स्वयंसेवकांवरही आरोप झाले आणि सरकारने तो उपक्रम थांबवला. नागरिकाने पाहावं, कळवावं, प्रश्न विचारावा. कोणाला अडवणं, ओळखपत्र मागणं, झडती घेणं हे त्याचं काम नाही. अशा टोळीला रात्री पहिला सापडतो तो दुसऱ्या पाळीवरून खोलीवर परतणारा कामगार.

खोली_नंबर_४

माझी दुसरी पाळी असते. शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार.

बीटबुक

वकीलसाहेबांशी शंभर टक्के सहमत. गस्तीला माणसं कमी म्हणून पोरांच्या हातात काठ्या देणं हा उपाय नव्हे. पोरांना द्यायचंच असेल तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी द्या. संध्याकाळी एक चक्कर, हाक मारायची, फोन चार्ज आहे का बघायचं.

म्हापशेंकार

@कुळागर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काल आमच्या इमारतीत बोललो. शेजारच्या दोन सोसायट्या, कोपऱ्यावरचा दुकानदार आणि शाळेच्या पालकांतले काही जण तयार आहेत. पुढच्या महिन्यात शाळेच्या वर्गात बैठक. नगरसेवकांना आणि ठाण्याला लेखी बोलावणं पाठवतो. पेडण्यासारखाच एक कागद करायचा, सगळ्यांच्या सह्यांचा, म्हणजे तक्रार कुणा एकाची राहणार नाही. कायद्याची जागा नसली तरी वही ठेवायला कोण अडवणार? शेवटी मात्र पालिका कायद्यातच वॉर्डसभा आली पाहिजे, त्यासाठी आमदारांना वेगळं पत्र देणार आहे. बैठक आज भरेल, उद्या माणसं थकतील. कायद्यात असलं की थकलेल्या माणसांनंतरही ती भरते.

कुळागर

सगळ्यांचे आभार. जानेवारीच्या ग्रामसभेसाठी अर्जाचा मसुदा केला आहे, चुका सांगा:

"मा. सरपंच आणि सचिव यांस. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाड्यावरील रात्रीच्या गस्तीबद्दल प्रश्न विचारण्यात आला होता व पोलीस अधिकाऱ्यांनी गस्त वाढवण्याचे आश्वासन दिले होते. इतिवृत्तात याची नोंद नाही, ती घेण्यात यावी. आमच्या भागातील बीटवर सध्या नेमणूक असलेल्या कर्मचाऱ्याचे नाव पंचायतीच्या फलकावर लावावे व बदली झाल्यास नवे नाव लावावे. त्यांनी महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पंचायत घरात ग्रामस्थांना भेटावे व त्या भेटीला भाडेकरूंनाही येता यावे, अशी विनंती करणारा ठराव घेऊन पोलीस ठाण्यास पाठवावा. घरफोड्यांच्या नोंदवलेल्या तक्रारींचा तपास कुठवर आला ते तक्रारदारांना कळवण्याबद्दल त्याच ठरावात विचारणा करावी. गस्तही वाढवावी. यावर ठाण्याकडून आलेले उत्तर एप्रिलच्या ग्रामसभेत पहिला विषय म्हणून वाचून दाखवावे."

दिव्यांसाठी वेगळं पत्र केलं आहे, खांबांचे नंबर आजींच्या नातवाने फिरून लिहून आणले.

माजी_पंच

चांगलं झालं आहे. फक्त "विनंती करणारा ठराव" याच्या आधी "ग्रामसभेने" हा शब्द घाला, नाहीतर पंचायत मंडळ आपल्या बैठकीत ठराव घेऊन मोकळं होईल. आणि एकटीने सही करू नका.

बीटबुक

"गस्तही वाढवावी" हे वाक्य काढा. बाकीचं सगळं मोजता येण्यासारखं आहे, तेवढं एक नाही. अर्जाची एक प्रत थेट ठाण्यातही द्या. निरीक्षकाला ग्रामसभेच्या आधी वाचायला मिळाली तर तो तयारीने येईल.

कुळागर

दोन्ही बदल केले. आजींसह वाड्यावरच्या सगळ्या घरांच्या सह्या घेतेय, दोन भाडेकरू कुटुंबंही सही करणार आहेत. सोमवारी पंचायतीत आणि ठाण्यात देते आणि दोन्हींच्या पोचेचा फोटो इथे टाकते.